मॅनेज करणे

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी एकच इंग्रजी शब्द मी सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत तीन तोंडांतून ऐकला, आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता.

पहिल्यांदा तो आमच्या स्वयंपाकघरातून आला. चकलीची भाजणी कमी पडणार असे मला वाटत होते, म्हणून पिशवी घेऊन मी गिरणीकडे निघालो. तोच सूनबाई आतून म्हणाल्या, "बाबा, कशाला धावपळ करता? आहे तेवढ्यात मी करते मॅनेज." पायात चपला घातल्याच होत्या, तेव्हा मोरया गोसावींच्या देवळापर्यंत तरी जाऊन यावे म्हणून जिना उतरू लागलो, तर शेजारचे गृहस्थ भेटले. त्यांनी गच्चीवर परवानगीवाचून पत्र्याची एक खोली चढवली आहे आणि तिच्याबद्दल त्यांना नोटीस आली आहे. मी काळजीने चौकशी केली, तेव्हा ते हसून म्हणाले, "त्याचं काही नाही हो. होईल मॅनेज." आणि जेवायला बसायच्या सुमारास भाच्याचा फोन आला. चाकणच्या एका कारखान्यात त्याला नुकतीच बढती मिळाली आहे. "मामा, आता चाळीस माणसं मॅनेज करतो मी!" त्याच्या आवाजातच दिवाळी होती.

काटकसर, लाचलुचपत आणि अधिकार! तीन निरनिराळ्या जगांत वावरणाऱ्या या तीन गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात इतक्या सुखाने कशा नांदत असतील, याचा विचार करीत मी त्या दिवशी जेवलो. मी काही भाषेचा पंडित नाही. माझी तीस-बत्तीस वर्षे भोसरी नि चिंचवडच्या लहानमोठ्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत हजेरीपट आणि पगारपत्रके लिहिण्यात गेली. पण हा शब्द माझ्या आयुष्यात एकदा असा काही येऊन गेला आहे, की तो कानांवर पडला म्हणजे माझे पाऊल क्षणभर अडखळते. तेव्हा जेवण झाल्यावर वामकुक्षीचा नाद सोडून मी कोश उघडून बसलो.

'मॅनेज' हा शब्द मुळात घोड्यांचा आहे! सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तो इटालियनमधून. त्या भाषेत 'मानेज्जारे' म्हणजे हाताळणे, आणि विशेषेकरून घोडा हाताळणे, त्याला शिकवून तयार करणे. त्याच्याही मागे गेले तर लॅटिन 'मानुस' लागतो, म्हणजे हात. (आपल्याकडे खेड्यापाड्यांतून 'मानुस' म्हणजे माणूस. हा नुसता योगायोग आहे, त्यातून काही काढू नये, हे मला ठाऊक आहे. पण तो मनातून जात नाही.) शेक्सपिअरच्या नाटकांतही हा शब्द घोड्यांच्या शिक्षणासाठी येतो. फ्रेंच भाषेत घोडे शिकवण्याच्या रिंगणाला 'मानेज' म्हणत आणि आजही म्हणतात. घोड्याला लांब दोरी बांधायची, मध्ये शिकवणाराने उभे राहायचे, आणि घोड्याने त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहायचे. हळूहळू दोरी आखूड होते, मग दोरीची गरजही उरत नाही. नुसत्या मांडीच्या दाबाने घोडा वळतो, आणि आपण आपल्याच मनाने वळलो असे कदाचित त्याला वाटत असेल.

हे वाचताना मला आपल्या मराठीतला एक शब्द आठवला आणि मोठी मौज वाटली. तो शब्द म्हणजे 'कावा'. आज आपण 'कावा' म्हटले की डाव, कपट एवढेच समजतो, आणि 'कावेबाज' ही तर उघड शिवीच झाली आहे. पण जुने मराठी कोश उघडून पाहा. कावा म्हणजे घोड्याला गोल फेर देणे. चाबूकस्वार नव्या घोड्याला काव्यावर धरी, म्हणजे रिंगणात फिरवून त्याची खोड मोडी. घोड्याला असे चकवत फिरवणे ते कावा, आणि मग माणसाला चकवणे तोही कावा! इटलीतला शब्द ज्या वाटेने गेला, बरोबर त्याच वाटेने भीमेच्या काठचा शब्दही गेला. ज्या भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले, ती तट्टे याच मुलखातली. जिथे आज चाकणचे कारखाने आहेत तिथून भीमा काही फार लांब नाही. तिच्या काठच्या पागांतून काव्यावर धरलेली किती घोडी फिरली असतील, कोण जाणे.

तर एक बाप घोडा. पण या शब्दाला दुसराही एक पालक आहे, आणि तो अगदी वेगळ्या कुळातला. फ्रेंचमध्ये 'मेनाज' म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ घर, संसार, घरखर्च. त्याचा हाताशी काही संबंध नाही. तो राहण्याच्या जागेवरून, वास्तूवरून आलेला आहे. पण उच्चार जवळचा पडल्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकांत त्याचा रंग 'मॅनेज'वर चढला, आणि जपून वापरणे, थोडक्यात भागवणे, कसेबसे निभावून नेणे हे अर्थ त्याला चिकटले. म्हणजे आमच्या सूनबाईंचा 'मॅनेज' माजघरातून आला, आणि भाच्याचा पागेतून. शेजाऱ्यांचा कुठून आला, ते मात्र इंग्रजी कोशात नीटसे सापडत नाही. तो आपण घातलेला आहे.

मराठीत आलेल्या इंग्रजी क्रियापदाचे एक वैशिष्ट्य आहे. ते एकट्याने चालत नाही. त्याला आपले 'करणे' किंवा 'होणे' यांच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो. आता 'करणे' आले की कर्ता येतो. 'मी मॅनेज केले' असे म्हणणाराला निदान आपले नाव तरी घालावे लागते. पण 'मॅनेज झाले' म्हटले की कर्ता अंतर्धान पावतो. कोणी दिले, कोणी घेतले, कशासाठी, सगळे त्या एका 'झाले'त विरून जाते; पाऊस पडावा, अंधार व्हावा, तसे ते आपोआप झालेले असते. आणि याहून भयंकर प्रयोग म्हणजे 'तो माणूस मॅनेज होतो'. इंग्रज माणसाला हे वाक्य कळणारच नाही, आणि मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. निवडणूक, निविदा, कुस्ती, चौकशी, साक्षीदार, सगळे 'मॅनेज' होऊ शकते. सावरकरांच्या भाषाशुद्धीने आपल्याला महापौर दिला, दूरध्वनी दिला; 'मॅनेजमेंट'ला 'व्यवस्थापन' हा प्रतिशब्दही चांगला रुळला आहे. पण शेजारचे गृहस्थ कधी म्हणतील का, की साहेबांचे व्यवस्थापन झाले म्हणून? मराठीत या कर्माला शब्द नव्हते असे मुळीच नाही. 'हात ओले करणे' आहे, 'खिशात घालणे' आहे. गंमत पाहा, तिथेही पुन्हा हातच! पण ते शब्द उघडे आहेत. 'मी त्याचे हात ओले केले' असे म्हणताना माणूस इकडेतिकडे पाहून घेतो. 'मॅनेज केले' असे तो जिन्यात, मोठ्याने, दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर म्हणू शकतो.

हाताचाच विषय निघाला आहे तर आणखी थोडे सांगतो. कारखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावर जे इंग्रजी शब्द भेटतात, त्यांतले निम्मे या 'मानुस'ची लेकरे आहेत. 'मॅन्युफॅक्चर' म्हणजे हाताने केलेले. आज ते यंत्रमानव करतो तरी नाव तेच. 'मेन्टेनन्स' म्हणजे हातात धरून ठेवणे. 'मॅन्युअल' तर उघडच हात. 'मॅनेजर' म्हणजे हाताळणारा. आणि ज्यांना हाताळायचे, त्या कामगारांनाही इंग्रजीत 'हात'च म्हणत. डिकन्सने १८५४ साली लिहिलेल्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीत या संबोधनाची चांगली झडती घेतलेली आहे. रोमन कायद्यात तर नवऱ्याची बायकोवरील सत्ता या अर्थीही 'मानुस' हाच शब्द होता, आणि बापाने मुलाला आपल्या ताब्यातून मोकळे केले म्हणजे ते हातातून सोडणे झाले. इंग्रजीत गुलामाच्या मुक्ततेला जो 'इमॅन्सिपेशन' शब्द आहे, त्याच्या पोटातही तोच हात आहे, सुटलेला.

आमचा हा सगळा टापू असा हातांवरच उभा राहिला. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा सभोवार शेते होती. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या ज्वारी-बाजरीच्या रानांतून प्लॉटांचे चौकोन पडत गेले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे आकुर्डीत जागा अपुरी पडू लागली तशी कारखान्यांची वस्ती उत्तरेला चाकणकडे सरकली. मोठे कारखाने सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांची नावे गाड्यांवर असतात. पण त्या गाड्यांतला एकेक पत्रा, एकेक कडी, एकेक बिजागरी ज्या लहान शेडांतून होते, त्यांची नावे त्यांच्या मालकांना नि माझ्यासारख्या कारकुनांनाच माहीत.

अशाच एका शेडात १९८३-८४ च्या सुमाराला मी कामाला होतो. तिचे नाव सांगत नाही; ती शेड आता तिथे नाहीही. पंधरा-सोळा माणसे होती, चार पॉवर प्रेस होते. पत्रा डायवर ठेवायचा, प्रेस खाली आला की भाग कापून पडतो, तो उचलायचा, पुन्हा पत्रा. प्रेसला दोन बटणे होती, दोन बाजूंना. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे. यात मोठे शहाणपण आहे: दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायखाली एकही नसतो. ज्या कोणी ही युक्ती काढली, त्याने माणसाचे हात मोजले होते आणि त्या हातांची किंमत ओळखली होती.

पण दोन बटणे दाबायची म्हणजे प्रत्येक भागामागे क्षणभर वेळ जातो. म्हणून एक बटण लोखंडी पट्टीने कायमचे दाबून ठेवीत असत. मग एक हात बटणावर, एक हात पत्र्यावर. आणि दिवसाला कितीतरी भाग जास्त. हे मालकाला माहीत होते, फोरमनला माहीत होते, मला माहीत होते. ती पट्टी कोणी बसवली हे मात्र कोणीच विचारीत नसे. ती बसवलेली होती, एवढेच!

वेळ वाचवण्याचे हे वेड कोठून आले, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या गृहस्थाने शास्त्रीय व्यवस्थापनावर एक पुस्तक लिहिले. हातात वेळमापक घड्याळ घेऊन तो कामगाराची एकेक हालचाल मोजी. कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारा माणूस दिवसाला साडेबारा टन वाहत असे, त्याला आपण सत्तेचाळीस टनांवर आणले, असे त्याने अभिमानाने सांगितले आहे. पुढच्या संशोधकांनी त्या हकिगतीतल्या तपशिलांवर शंका घेतल्या. पण ती हकीगत जगभर पसरली ती पसरलीच. विचार करण्याचे काम कचेरीने करावे आणि कामगाराने सांगितले तेवढे करावे, हे त्याचे सूत्र. असले काम करणारा माणूस बुद्धीने बैलाच्या जवळपासचा असावा, असेही त्याने लिहिले आहे. घोड्यापासून निघालेला शब्द बैलापर्यंत आला होता. टेलर दुष्ट नव्हता. कामगाराला जास्त मजुरी मिळावी असे त्याला मनापासून वाटे. पण ज्याला हाताळायचे त्याला नुसते हातच असतात, अशी समजूत एकदा झाली म्हणजे बाकीचे सगळे ओघाने येते.

एके रात्री दुसऱ्या पाळीत खेड तालुक्यातल्या एका पोराचा उजवा हात डायखाली राहिला. वय एकवीस-बावीस. तर्जनी आणि मधले बोट गेले. मी हजर नव्हतो. सकाळी आलो तेव्हा प्रेस पुसून ठेवलेला होता, आणि दुसरे बटण मोकळे होते. पट्टी कुठेच नव्हती.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा तेव्हा लागू होता. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या शरीराचा हिशेब लिहिलेला होता. अंगठा गेला तर मिळकतीची शक्ती ३० टक्के कमी झाली असे धरायचे. नुसती तर्जनी संपूर्ण गेली तर १४ टक्के. एका हाताची दोन बोटे गेली तर २०. हे कोष्टक पहिल्यांदा वाचतो त्याच्या अंगावर काटा येतो, पण मी सांगतो, ते कोष्टक निर्दय नव्हते. निदान त्यात बोट हे बोट म्हणून मोजलेले होते. त्याच कायद्यात दुसरे एक कलम होते, की मृत्यूखेरीज इतर इजेच्या बाबतीत, कामगाराने सुरक्षेची योजना स्वतः जाणूनबुजून काढून टाकली असेल आणि त्यामुळेच अपघात झाला असेल, तर मालक भरपाई देणे लागत नाही.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावले. रागावले नाहीत, दरडावले नाहीत. चहा मागवला. पोराबद्दल त्यांना खरोखरच वाईट वाटत होते; रात्री दवाखान्यात तेच बसून होते. शेवटी म्हणाले, "रजिस्टर तुमच्याकडेच असतं ना? बघा, तेवढं मॅनेज करा."

मी मॅनेज केले. माझे अक्षर चांगले आहे. 'सदर कामगाराने वारंवार ताकीद देऊनही यंत्रावरील सुरक्षा बटण स्वतःच्या जबाबदारीवर बंद करून काम केल्यामुळे' असे ते वाक्य होते. व्याकरणाची एकही चूक नव्हती. पोराला दोन महिन्यांचा पगार आणि वर काही रक्कम 'मदत म्हणून' मिळाली. तो गावी निघून गेला. मला त्या दिवाळीला बोनस नेहमीपेक्षा थोडा जास्त मिळाला असावा, असे मला वाटते. निश्चित आठवत नाही, आणि हे न आठवणेही मला सोयीचेच आहे.

या गोष्टीवर मी पुढे पुष्कळ विचार केला, पण तो एका जागी येऊन अडे. मी खोटे लिहिले, हे स्पष्ट होते. पण मालकांनी मला खोटे लिहा असे म्हटले असते, तर मी लिहिले असते का? मला वाटते, नसते लिहिले. नोकरीची भीती होती, घरी दोन लहान मुले होती, हे सगळे खरे. तरीही 'खोटे' हा शब्द ऐकल्यावर माझ्यातले काहीतरी ताठ उभे राहिले असते. शाळेत, घरी, कीर्तनात त्या शब्दाशी माझी ओळख करून दिलेली होती. 'मॅनेज' या शब्दाशी कोणी ओळख करून दिलेली नव्हती. त्याच्यावर कोणाचा अभंग नाही, कोणाची गोष्ट नाही. तो परका शब्द पाहुण्यासारखा आला आणि मी त्याला बसायला पाट दिला. पापालाही आपापल्या भाषेत एक चेहरा असतो. तो परभाषेतून आला म्हणजे ओळखू येत नाही.

मग सगळेच 'मॅनेज' करणे वाईट म्हणावे का? भाच्याने चाळीस माणसे सांभाळू नयेत, सुनेने कमी भाजणीत चकल्या करू नयेत? तसे म्हणणे म्हणजे चाळीस माणसांच्या कामाचा गोंधळ करणे. माणसांना वळण लावावेच लागते. घोड्याचेही पाहा: जो स्वार घोडा वळवतो तो स्वतः त्याच्या पाठीवर बसलेला असतो, घोडा खड्ड्यात गेला तर स्वारही जातो. मला वाटते, पाहायचे ते एवढेच, की जे कमी पडले आहे ते कोणाच्या वाट्याला जाते. भाजणी कमी पडली की सूनबाई सगळ्यांना चकल्या वाढतात आणि स्वतःसाठी तुकडे ठेवतात. तूट त्यांच्या ताटात. शेजाऱ्यांची खोली टिकली की तूट कोणाच्या ताटात, ते ताट दिसतच नाही. आमच्या शेडात वेळ कमी पडत होता, आणि ती तूट एका पोराच्या हाताने भरून काढली.

आणि सूनबाईंचे तरी मी मोकळेपणाने कौतुक करावे का? माझी आई असेच 'माझं होईल' म्हणत असे, आणि आम्ही सगळे ते खरे मानून पोटभर जेवत असू. 'बाई किती छान भागवते' म्हणून आपण जिची पाठ थोपटतो, तिला बहुतेक वेळा आपणच कमी दिलेले असते. ज्याने तूट ढकलली तोही म्हणतो 'मॅनेज केले', आणि ज्याने ती सोसली तोही म्हणतो 'मॅनेज केले'. दोघांच्या तोंडी एकच शब्द असल्यावर भांडण तरी कशाचे करायचे!

चाकणच्या गावात आज बाजारपेठेच्या गर्दीतून आत गेले की संग्रामदुर्गाचे अवशेष दिसतात. १६६० साली शायिस्ताखानाने प्रचंड फौजेनिशी त्याला वेढा घातला, आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो सुमारे दोन महिने लढवला. किल्ला पडल्यावर खानाने त्यांना मोगलांची चाकरी देऊ केली आणि त्यांनी ती नाकारली, असे सांगतात. त्या पडक्या बुरुजाशी उभा राहून मी एकदा विचार केला होता, की खानाने आपल्या दिवाणाला विचारले असेल, 'हा माणूस मॅनेज होतो का?' आणि लगेच स्वतःचेच हसू आले. एवढ्या मोठ्या माणसाचे नाव घेऊन कारकुनाने आपली लाज मोजू नये.

गेल्या दिवाळीत, त्या वसुबारसेनंतर दोन दिवसांनी, भाच्याकडे फराळाचे द्यायला चाकणला गेलो होतो. परतताना कांदे घ्यावेत म्हणून रस्त्याकडेच्या एका टेंपोपाशी थांबलो. साठीकडचा एक शेतकरी तराजू धरून होता. उजव्या हाताने वजने उचलत होता, अंगठा आणि मागची दोन बोटे यांनी. मी चेहऱ्याकडे पाहण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, तुम्ही ना?"

त्याने माझी चौकशी केली, मुलांची केली. त्याची दोन एकर जमीन आहे. मुलगा इथल्याच एका कारखान्यात कंत्राटावर आहे. मी हाताकडे पाहतो आहे हे बघून म्हणाला, "सवय झाली. करतो मॅनेज." चौथ्यांदा तोच शब्द! मला राहवले नाही. इतक्या वर्षांत बायकोलाही न सांगितलेले त्या रस्त्यावर, हॉर्नच्या गोंगाटात, मी त्याला सांगून टाकले: रजिस्टरात ते वाक्य मी लिहिले होते, आणि ते खोटे होते.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "माहीत हाय की. तुम्हीच वाचून दाखवलं होतं."

"मी?"

"दवाखान्यात आला होता तुम्ही रजिस्टर घेऊन. खाली माझी सही पाहिजे म्हणाले. उजव्या हाताला ही मोठी पट्टी. डाव्या हातानं जमंना. मग तुम्ही माझा हात धरला."

मला हे आठवत नव्हते. चाळीस वर्षे मी त्या वाक्याला छळले होते, त्याने मला छळले होते. पण माझ्या आठवणीत ते मी कचेरीत, एकट्याने, टेबलाशी बसून लिहिले होते. दवाखाना, खाट, ते पोर, त्याचा डावा हात, यांतले काहीच तिथे नव्हते. आणि त्याने सांगताच सगळे एकदम उभे राहिले. आयोडिनचा वास आला. त्याची बोटे गरम होती, ताप असावा. सहीतले शेवटचे अक्षर मला हवे तसे वळेना, म्हणून मी त्याचा हात जरा जोरात दाबला होता.

"मग सही का केलीस?" मी विचारले. विचारायला नको होते.

"तुम्ही म्हणला, कर. बरं दिसत होता तुम्ही." त्याने तराजूत आणखी दोन कांदे टाकले. "पाच किलो करू का? दिवाळीनंतर महाग होतील."

मी पाच किलो घेतले. पैसे दिले, ते त्याने मोजून घेतले, सुटे परत केले. आणखी काही बोलावे असे मला वाटत होते; पण टेंपोपाशी दुसरी गिऱ्हाइके आली होती आणि तो त्यांच्याकडे वळला. मी पिशवी उचलली, तशी ती एका बाजूला कलली.

"खालून धरा, साहेब," तो मान न वळवता म्हणाला. "बंद तुटतात त्याचे."